जावयानं खाल्लेली तिळवण

आमच्या मरागोलीच्या टेकड्यांवर सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही आणि जावयानं सासूचं. वाटेत समोरासमोर आलेच, तर एकानं झुडपात शिरायचं. झुडूप नसेल तर पाठ फिरवून उभं राहायचं आणि दुसरा पुढे जाईपर्यंत ढग बघत बसायचं. हा रिवाज कुणी पाडला देव जाणे. पण ज्यानं पाडला त्याची पोटची पोर कधी अवघडलेली नसणार, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

माझी मिदेवा अवघडलेली होती. पहिलटकरीण. तिचा नवरा एन्देकी पलीकडच्या टेकडीवरचा, चहाचा पाला गोळा करतात त्या केंद्रावर वजन करायला होता. लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी त्याचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं. पाठ पाहिली होती. पाठ बरी होती.

एका सकाळी मी परड्यात तिळवण खुडत बसले होते, तर मिशनच्या दवाखान्यातली नर्स अडागाला धापा टाकत चढ चढून आली. ही आमच्याच टेकडीवरची पोर. लहानपणी माझ्या पेरूच्या झाडावरून पडून हिनं दात पाडून घेतला होता. आता पांढरे कपडे घालते, सगळं गाव तिला घाबरतं. मी नाही घाबरत.

"काकू," ती म्हणाली, "तुझ्या लेकीच्या अंगात रक्त नाही."

"मग काय आहे? चहा?"

"हसू नको. खरंच तेच आहे. सकाळी चहा-पाव, दुपारी चहा-पाव, रात्री कोबी आणि वर चहा. डोळ्याची पापणी ओढून बघितली तर आत पांढरी फटक. बोटाला टोचलं तर रक्त कसलं, पाणीच. जावयालाही टोचलं. आमची रक्ताची पेटी कायम रिकामी असते, बाळंतपणात गरज पडली तर नवऱ्याचंच काढावं लागतं. त्याचा गट जुळतो हिच्याशी, पण उपयोग काय? त्याच्या अंगात त्याच्यापुरतंच नाही."

माझ्या हातातली जुडी खाली पडली. अडागालाला ठाऊक नव्हतं, पण मिदेवा हे नाव माझ्या थोरल्या बहिणीचं. ती अशीच गेली. बाळंतपणात. आधी ओठ पांढरे झाले, मग नखं, मग ती मला म्हणाली, थंडी वाजते गं. बाहेर टळटळीत ऊन होतं. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव मी हिला ठेवलं, कारण आमच्यात गेलेल्या माणसाला नावानं परत आणतात. एकदा परत आणलेलं माणूस पुन्हा घालवायला मी काही तयार नव्हते.

"गोळ्या दे तिला," मी म्हटलं.

"संपल्यात. गाडी येईल तेव्हा येतील. तोवर हे दे." तिनं माझ्या पायाशी पडलेली जुडी उचलली. "तिळवण, कामोणी, माठ, चवळीचा पाला. यात लोह असतं."

"लोखंड?"

"लोखंडच समज."

"मग माझी विळीच उकळून पाजते की तिला."

"काकू, गप्प ऐक! कडूपणा जावा म्हणून तुम्ही पाला उकळता आणि पाणी उकिरड्यावर फेकता. ते फेकू नको, अर्धं सत्त्व त्यात जातं. फार रटरटवू नको. वर लिंबू पिळ, नाहीतर जेवल्यावर एक पेरू दे, म्हणजे लोह अंगी लागतं. आणि जेवणाच्या आसपास चहा बंद. चहा त्या लोहाला धरून बसतो, रक्तात जाऊच देत नाही."

"पाणी फेकलं नाही तर कडू जहर होतं ते. तुला ठाऊक आहे ना मिदेवा कशी आहे? लहानपणी ताटातली तिळवण खिडकीतून शेळीला घालायची. आमची शेळी वर्षाला तिळी व्यायची, पोरगी मात्र काडीसारखी."

"मग या वेळी शेळी जवळ नसेल तिथं जेवायला घाल," अडागाला म्हणाली, आणि जाताना तिनं माझे दोन पेरू तोडून नेले. दात पडला, पण खोड गेली नाही.

आता बघा माझी पंचाईत. लेकीला माहेरी आणावं, तर लग्न झालेल्या मुलीनं माहेरात बाळंत होऊ नये असं आमच्याकडे. आपण तिच्या घरी जाऊन राहावं, तर सासूनं जावयाच्या घरी रात्र काढायची नाही, त्याच्या घरचं खायचं नाही. आणि सासूची पहिली मानाची भेट होईपर्यंत कुंपणाच्या आत पायसुद्धा टाकायचा नाही. ही भेट व्हायची राहिली होती, कारण आमचा म्हातारा आणि एन्देकीचा बाप लग्नातल्या एका बैलाच्या मोडक्या शिंगावरून भांडत होते. शिंग आधीच मोडलेलं होतं की वाटेत मोडलं, यावर दोघांनी वर्ष घालवलं. बैल कधीच मेला होता. भांडण ठणठणीत होतं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "ते शिंग घाला कुठं घालायचं तिथं. मी चालले." टोपलीत बियाणं, मडकं आणि पाला मऊ शिजावा म्हणून राखेच्या पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

नशिबानं माझी आत्या विहेंडा एन्देकीच्या घरासमोरच राहायची. मधे फक्त पायवाट आणि शेराचं कुंपण. आत्या विधवा, गुडघे गेलेले, नाकात कायम तपकीर. मी आलेली बघून म्हणाली, "ये बाई. पण माझ्या चुलीवर कडू भाजी शिजवणार असशील तर धूर तिकडे जाऊ दे."

कुंपणाबाहेर वाटेच्या कडेला एक सपाट खडक होता. आत्यानं मधे पडून तोडगा काढला. मी शिजवायचं, मडकं खडकावर ठेवायचं, खोकायचं आणि पाठ फिरवायची. मिदेवाचे पाय सुजलेले, तिला चालायचं नाही असं अडागालानं बजावलेलं. म्हणून एन्देकीनं घशात खाकरायचं, म्हणजे मला कळेल की तो आलाय. मग मडकं उचलून आत न्यायचं. संध्याकाळी धुतलेलं मडकं खडकावर परत. आत्यानं कुंपणावरून ओरडून त्याला हेही सांगितलं की सासूबाईंचा हुकूम आहे, या घरात जेवणाच्या आसपास चहा चालणार नाही. आतून एक केविलवाणं खाकरणं ऐकू आलं. चहाच्या केंद्रावरच्या माणसाला चहा बंद म्हणजे पास्टरला बोलायला बंदी.

मी जीव ओतून रांधलं हो. पहाटे आत्याच्या परड्यातला पाला खुडायचा, कोवळाच. तिळवण कडू म्हणून तीत चवळीचा पाला मिसळायचा, थोडी चुंचेची बुळबुळीत पानं घालायची म्हणजे घशातून घसरते. घेवड्याच्या टरफलाच्या राखेचं पाणी नावाला, दोन थेंब. पाणी फेकायचं नाही. शेवटी दूध, आणि मडकं तसंच निखाऱ्यावर. दुसऱ्या दिवशी दूध मुरलं की चव अशी लागते की माणसानं बोटं चाटावीत. निदान मला तरी तसं वाटतं. सोबत नाचणीच्या पिठाची घट्ट उगाली आणि एक पेरू.

खडकावर ठेवलं, खोकले, पाठ फिरवली. मागून "ख्ह्म्म." पावलं. मडकं गेलं.

संध्याकाळी मडकं परत आलं, चाटूनपुसून लख्ख. एक पान नाही, पानाचा देठ नाही. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मी आत्याला म्हटलं, "बघ! आई होणार म्हटल्यावर शहाणी झाली पोरगी."

आत्या तपकीर ओढत म्हणाली, "तुझ्या पोटची? बघू."

मी कुंपणाबाहेरून हाक मारायची, "मिदेवा, खाल्लंस ना गं?"

आतून गोड आवाज यायचा, "हो आई! तुझ्या हातची चव कुणाला नाही!"

रोज मडकं भरून जायचं, रोज रिकामं यायचं. मग मी मोठं मडकं काढलं. तेही रिकामं आलं. मी मनात म्हटलं, दोन जिवांची भूक, चालायचंच.

एक गोष्ट तेवढी बदलत गेली. जावयाचं खाकरणं. सुरुवातीला ते फासावर चाललेल्या माणसाचं होतं. आठवड्याआठवड्यानं त्याला धार येत गेली. पुढे पुढे तर असा खाकरायचा की झाडावरचे कावळे उडायचे. आधी पाल्याची टोपली घेऊन चढ चढताना अर्ध्या वाटेत बसणारा माणूस, आता शीळ घालत धावत चढायचा. एके दिवशी पहाटे तो सरपण फोडताना चर्चमधली गाणी म्हणत होता.

आत्या म्हणाली, "तुझा जावई हल्ली खोंडासारखा उधळलाय. काय खातो काय?"

"बायको बरी झाली की नवऱ्याला चढतंच," मी म्हटलं. अक्कल कुठं गहाण टाकली होती कुणास ठाऊक.

दवाखान्याचा दिवस आला. आत्याच्या पुतण्याच्या सायकलवर मिदेवाला बसवलं, एन्देकी पुढे सायकल धरून, आणि मी भरपूर अंतर ठेवून मागे. दवाखान्यात ते दोघं आत गेले, मी बाहेर खिडकीखाली भिंतीकडे तोंड करून बसले. शेजारी कुणाचा तरी बोकड बांधला होता. बाकावर पोटुशा बायांची रांग. त्या मला बघून समजल्या आणि हसायला लागल्या. सासू आहे, सासू.

थोड्या वेळानं अडागाला बाहेर आली. तिचा चेहरा मला आवडला नाही.

"काकू, तुझ्या पाल्यानं कमाल केली," ती म्हणाली. "रक्त असं वर आलंय की मी दोनदा तपासलं."

"देवा रे! बघ, मी म्हटलं होतं ना!"

"जावयाचं."

"काय?"

"जावयाचं रक्त वर आलंय. मिदेवाचं होतं त्याहून खाली गेलंय."

मग एकेक मडकं माझ्या डोळ्यासमोरून गेलं. लख्ख, चाटूनपुसून. मोठं मडकंसुद्धा.

आता मला सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत? आत जाऊन त्याची गचांडी धरता येत नाही. त्याच्याशी बोलता येत नाही. त्याच्याकडे बघता येत नाही. मी उठले आणि बोकडासमोर उभी राहिले.

"अरे बोकडा!" मी ओरडले. "लाज आहे का तुला? घरात बायको पांढरी पडलीय, पोटात पोर आहे, आणि तू तिच्या वाटणीचा पाला चरतोस? ढेकर देतोस? शीळ घालतोस? पहाटे उठून मी चिखलात खुडायचं ते तुझ्या पोटाची ढोलकी व्हायला? जीभ झडली नाही तुझी?"

बोकड चघळायचा थांबला. बाकावरच्या बायांनी तोंडात पदराचे बोळे कोंबले.

मग आतून एक पुरुषाचा आवाज आला. चिरका, घाबरलेला, आणि माझ्याशी नव्हे, नर्सशी बोलणारा.

"सिस्टर, तुम्ही त्या बोकडाला सांगा की माझी काही चूक नाही. म्हणजे बोकडाला नको. कुणालाही सांगा. आत्याबाईंनी मडकं आत न्यायला सांगितलं, कुणासाठी ते नाही सांगितलं. माझ्या वडिलांनी शिकवलंय, सासूच्या चुलीवरून आलेलं मडकं म्हणजे जावयाचा मान. त्यात एक पान उरलं तर तिच्या हाताला नाव ठेवल्यासारखं होतं. मला कडू अजिबात जात नाही हो. पहिल्या दिवशी डोळे भरून आले. म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. तर दुसऱ्या दिवशी पुन्हा! मग मोठं मडकं! रात्री झोप यायची नाही. मी हिला म्हटलं, तुझ्या आईला मी एवढा आवडलोय का? की ती मला मारायला बसलीय?"

"आणि बायकोला विचारलं नाहीस, तुझ्यासाठी आहे का म्हणून?" अडागालानं विचारलं.

"विचारलं ना. ती म्हणाली, छे, तुमचंच आहे. सगळं संपवा. आई फार मानी आहे."

बाकावरची एक बाई हसता हसता खाली घसरली. मला हसू आलं नाही. आमच्याकडे जावयाच्या मडक्याचा मान असतोच, त्याचं काही खोटं नव्हतं. तो बिचारा आदबीनं कडू गिळत होता. खोटं होतं ते माझ्याच पोटचं.

मिदेवा दारात आली. चौकटीला धरून उभी. उजेडात तिचे ओठ बघितले मी. ओळखीचे होते ते ओठ.

"वासानंच पोटात ढवळायचं गं आई," ती म्हणाली.

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं! कुंपणावरून उडी मारून आत आले असते आणि नाक दाबून घातलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं. ते बिचारे खात होते, मडकं रिकामं होत होतं, तू खूश होतीस. मला वाटलं, एवढ्याशा पाल्यानं काय होतंय." आणि ती रडायला लागली. मीही रडले. बोकड पुन्हा चघळायला लागला.

अडागालानं दोघींना दम भरला. आजपासून सुरू कर, अजून थोडे आठवडे हाताशी आहेत, असं म्हणाली. पण पोटातल्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. मिदेवानं जेमतेम चार-दोन जेवणं नाक दाबून घशाखाली घातली असतील, तोच एका दुपारी कुंपणाआडून एन्देकीचा आवाज आला. तो खाकरला नाही. "आत्याबाई! आत्याबाई!" अशी बोंबच ठोकली त्यानं.

दिवसाआधी कळा सुरू झाल्या होत्या. सायकलवर बसवायची सोय नव्हती. एन्देकी केंद्राकडे धावत सुटला, तेव्हा मात्र त्या शिळेचा आणि उधळण्याचा फायदा झाला, आणि चहाचा ट्रकच घेऊन आला. मागे पाल्याची पोती होती. त्या पोत्यांवर आम्ही मिदेवाला आडवी केली. एन्देकी पुढे ड्रायव्हरजवळ तोंड वळवून बसला, मी मागे लेकीचं डोकं मांडीवर घेऊन. खालून चहाच्या ओल्या पानांचा वास. मी त्या पोत्यांना शिव्या देत होते, आणि ती माझा हात आवळून म्हणत होती, "आई, चहाला नको गं बोलू, हसू येतं, दुखतं."

मुलगी झाली. लवकर झाली तरी फुप्फुसं भरून ओरडली. मी बाहेर ऐकलं आणि हात जोडले. आणि मग आतून जी धावपळ ऐकू आली, ती मला ओळखता आली. बायका पळत जातात, कापडं मागतात, कुणी मोठ्यानं बोलत नाही. बहिणीच्या वेळी असंच होतं.

अडागाला बाहेर आली. हाताला कोपरापर्यंत रक्त. "थांबत नव्हतं, आता कमी झालंय," ती म्हणाली. "पण फार गेलंय. मुळात होतंच किती! रक्त चढवायला हवं. पेटीत एक बाटली नाही."

"माझं घे."

"तुझा गट जुळत नाही. जावयाचं घेते."

"त्याच्यात आहे का एवढं?"

अडागालानं माझ्याकडे बघितलं. अशा वेळीसुद्धा त्या पोरीच्या तोंडावर हसू आलं. "काकू, इतके दिवस तूच तर भरलंयस."

मी दाराशी गेले. कुणी अडवलं नाही. पडद्यापलीकडे एन्देकी पालथ्या हातानं डोळे झाकून पडलाय, असं अडागाला म्हणाली. मला घाबरून की सुईला घाबरून, कुणास ठाऊक. पडद्याखालून त्याचे काढून ठेवलेले बूट दिसत होते, पाल्यानं आणि चिखलानं माखलेले. मी पाठ फिरवली आणि खोकले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

पलीकडून आवाज आला. "ख्ह्म्म."

मग ती बाटली त्यांनी मिदेवाच्या डोक्याशी टांगली. गडद लाल. मी खाटेजवळ बसून त्या बाटलीकडे बघत राहिले. थेंब पडायचा, नळीतून उतरायचा, माझ्या लेकीच्या दंडात जायचा. माझी तिळवण होती ती. माझा चवळीचा पाला, माझी बुळबुळीत चुंच, दोन थेंब राखेचं पाणी, सगळं सगळं. जायचं होतं तिथंच चाललं होतं, फक्त एका माणसाच्या पोटातून वळसा घालून. त्या माणसानं डोळ्यातून पाणी काढत एकेक पान गिळलं होतं, कारण सासूचा अपमान होऊ नये. आणि मी त्याला बोकड म्हटलं होतं, भर बाकासमोर.

बहिणीच्या वेळी अशी बाटली नव्हती. मी मिदेवाची नखं बघत बसले. किती वेळ ते आठवत नाही. एकदाची ती गुलाबी व्हायला लागली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, तहान लागलीय."

थंडी वाजते म्हणाली नाही. मी ओरडून रडले. अडागालानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मिदेवा बाळ घेऊन घरी आली, तरी म्हाताऱ्यांचं शिंग काही जुळलं नव्हतं. माझ्या पहिल्या मानाच्या भेटीला अजून मुहूर्त नव्हता. मी सकाळी भाजी रांधली, मडकं डोक्यावर घेतलं आणि या वेळी खडकाशी पाठ फिरवून उभी राहिले नाही. शेराच्या फटीतून सरळ आत शिरले.

आत्या मागून ओरडली, "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, या. मडकं मोठं आहे."

अंगणात एन्देकी सुपात घेवडा निवडत बसला होता. मला बघितलं मात्र, घेवडा उधळला गेला, सूप डोक्यावर उपडं घालून तो दाराआड पळाला. सूप डोक्यावर जायच्या आत मला त्याचं तोंड दिसलं. गोल, काळंभोर, तुकतुकीत, गालाला चमक. माझीच चमक होती ती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी मिदेवासमोर मांडी ठोकून बसले. उगालीचा गोळा मोडला, भाजीत बुडवला, तिच्या तोंडासमोर धरला. "आता शेळी नाही आणि नवराही नाही. आ कर."

तिनं तोंड वेंगाडलं, नाक मुरडलं, डोळे गच्च मिटले आणि खाल्लं. दुसरा घास. तिसरा. मधेच म्हणाली, "कडू आहे गं."

"कडूच असतं. गीळ."

बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. मी घासामागून घास घालत होते, मडक्याचा तळ दिसायला लागला होता. तेवढ्यात दारामागून खाकरणं आलं. नेहमीचं नव्हे, आवंढा गिळावा तसं. आणि मग लग्नानंतरचं त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं, सुपाखालून, दबक्या आवाजात:

"आई, थोडी उरेल का हो?"

मिदेवा खाता खाता थांबली. मी दाराकडे पाठ फिरवली, कारण माझं तोंड त्यानं बघावं असं त्या वेळी नव्हतंच. पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "खडकावर बघ जा. तुझं मडकं वेगळं ठेवलंय."